पठाण दारात

३ नोव्हेंबर, रविवार

पेटीला पुन्हा कुलूप. चावी बाबांच्या दिशदाशाच्या, त्या लांब झग्याच्या, खिशात, आणि बाबा खिशावर हात ठेवून झोपलेत. झोपलेत कसले, डोळे मिटून पडलेत. मी खोलीतून गेले की एक डोळा उघडतो.

मागितलं काय होतं मी? बारीक पटाशी, तासायचा लहान वाकस आणि भोकं पाडायचा दोरीचा सामता. तर म्हणे, "ती गलबतं बांधायची हत्यारं आहेत. खेळण्यांसाठी नाहीत." खेळणी! त्यांच्याच शेवटच्या सांबुक गलबताचा नमुना करायला घेतलाय मी, हातभर लांबीचा. ते गलबत कुणी कतारवाल्याने नेलं, त्याचा एक धड फोटो घरात नाही. आमच्या सूर गावच्या खाडीवर निम्मी गलबतं उस्ताद खमीसच्या हातची, असं सगळे सांगतात. आणि त्यांच्या मुलीला पटाशी मिळत नाही.

स्वतःला वापरता येतात असंही नाही. हात इतके थरथरतात की कॉफीचा पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडतो. पण तेल पाजून, फडक्यात गुंडाळून, कुलपात ठेवायची. धूळ खाऊ देत, शम्साला देऊ नका.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नेटवरून मागवलेला हत्यारांचा संच आला. निव्वळ कचरा. चाकूचं पातं पहिल्याच फळीला मोडलं. चिमट्याची टोकं एकमेकांना भेटत नाहीत. कानशीने नखंसुद्धा घासली जाणार नाहीत. डबा मात्र काय सुंदर, आत मखमल!

बाजारात गेले नवीन पाती आणायला. दुकानदार प्रेमाने विचारतो, "मुलाच्या शाळेचा प्रकल्प का, ताई?" म्हटलं, माझ्यासाठी. त्याने हसू आवरलं आणि रंगाच्या बाटल्यांवरची धूळ पुसायला लागला. त्याला काय माहीत बिचाऱ्याला. पण मी घरी येईपर्यंत दात आवळून गाडी चालवली.

मुलाच्या शाळेचा.

मस्कतच्या डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यात पुन्हा मान हलवली. "दोघांतही दोष नाही. कधीकधी कारणच सापडत नाही." खल्फान म्हणाला, आता पुरे, शम्सा. मी हो म्हटलं. आणि त्याच दुपारी लाकडाच्या पट्ट्या मागवल्या. नवरा एक आठवडा वाळवंटात तेलाच्या विहिरींवर, एक आठवडा घरी. मुलींना चित्रकला शिकवून मी दुपारी परत येते, तर घरात एक म्हातारा आणि एक बंद पेटी. काय करायचं माणसाने?

७ नोव्हेंबर, गुरुवार

बोट कापलं. त्या मखमली डब्यातल्याच चाकूने.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

खल्फान आलाय. जेवायला झुवैना आत्याही होती. बाबांची धाकटी बहीण, गावभर लग्नांत मेंदी काढते आणि गावभरची बातमी घेऊन येते. भातावर मासा वाढता वाढता खल्फानला म्हणते, "हात रिकामे असले की असं सुचतं गं बायकांना. करू दे, मन रमतंय ना तिचं." माझ्यासमोर माझ्याबद्दल, मी तिथे नसल्यासारखं. खल्फान भातात बघत बसला.

नंतर मला खूश करायला म्हणतो, रंग उडवायचं ते पिचकारीचं यंत्र घेऊ या तुला, मोठं, मोटरवालं. मी म्हटलं, आधी मला फळी कापता येऊ दे. त्यावर 'बरं' म्हणून तो हात धुवायला उठला. भांडायलासुद्धा कुणी धड मिळत नाही या घरात.

११ नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं, कुणाच्या दारात जायचं नाही. हत्यारं आपली आपण जमवायची.

दाताच्या दवाखान्यातल्या नर्सने जुने, बोथट झालेले आकडे दिले. दगडावर घासले. सांध्यातला गोंद खरवडायला याहून चांगलं काही नाही. सुरम्याची पितळी काडी फटीत कापूस दाबायला. कपड्याचे चिमटे फळ्या धरून ठेवायला. कुंचले मात्र चांगलेच घेतले, दोन, खऱ्या केसांचे. स्वस्त कुंचल्याचे केस रंगात गळतात आणि मग चिमट्याने वेचत बसायचं. आणि जहाजाच्या मागच्या बाजूची नक्षी काढायला मेंदीचा कोन! दाट निळा रंग भरला आणि टाइलवर रेघ ओढली. केसाइतकी बारीक आली. आत्याच्या रिकाम्या हातांची कला, आत्याला सांगणार नाही.

आज थोडं बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण फार वेळा वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संपलं बरं वाटणं.

नेटवरच्या नकाशाप्रमाणे आधी सगळ्या फासळ्या कापून उभ्या केल्या होत्या. बाहेरच्या देशात असंच करतात, आधी सांगाडा, मग वर फळ्या. बाबा काठी टेकत आले, बघितलं, आणि काठीच्या टोकाने सगळ्या फासळ्या आडव्या केल्या. शांतपणे. म्हणाले, "सूरमध्ये आधी पठाण मांडतात, तळाचं लाकूड. मग फळ्या. फासळ्या शेवटी, आत. तू या अंगणात वाढलीस ना?"

वाढलेय. माहीत होतं मला. कंटाळा केला होता, सोपं वाटलं म्हणून. तेच तर जास्त झोंबलं. मी ओरडले, मग द्या ना हत्यारं आणि करा ना उभं! आयुष्यभर लोकांची जहाजं बांधलीत, घरातल्या माणसाला एक पटाशी देताना जीव जातो तुमचा!

ते काठी टेकत वळले. खोलीत गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून आले तर पेटी उघडी, मधल्या खोलीत जमिनीवर. बाबा शेजारी बसलेले. एकेक हत्यार काढून फडक्यावर मांडलेलं. म्हणाले, "बस. तुला निवडता येत नाही."

मग तास-दीड तास परीक्षा. ही पटाशी धर. नको, ही तुझ्या मनगटाला जड. ही धर. हिची मूठ तुझ्या आजोबांची. हा वाकस नको, तुझी बोटं जातील. हा घे, होडीची वल्ही तासायचा. मी मुकाट घेत होते. आनंद झाला पाहिजे होता, झाला नाही. हेच आधी केलं असतं तर माझं बोट कापलं नसतं.

एक अट घातली. पठाण ते स्वतः करणार. गलबताचा तळचा कणा, ज्याच्यावर सगळं उभं राहतं. "तो उस्तादच मांडतो. बाकी तुझं खेळणं तू कर." पुन्हा खेळणं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सागाचा एक लहान तुकडा. कुठल्या जुन्या गलबताचा जपून ठेवला होता कोण जाणे. रोज तासतात. हात थरथरतो, पटाशी घसरते, रक्त येतं, फडकं बांधतात, पुन्हा तासतात. मी म्हटलं, द्या इकडे. हात झटकला माझा. बघवत नाही आणि उठूनही जाववत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पठाण झाला. सरळ, गुळगुळीत. नावं ठेवायला जागा नाही. मेला एवढा चांगला झालाय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पठाण टेबलावर नको म्हणे. "जमिनीवर मांडतात." बरं, जमिनीवर. पण कुठे? माझ्या झोपायच्या खोलीच्या दारात, आडवा! दोन लाकडी ठोकळ्यांवर. मी म्हटलं, पाय लागेल. "ओलांडून जा. मोठा आहे का एवढा?" उचलून टेबलावर ठेवला. न्हाऊन आले तर पुन्हा दारात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अंगठा ठेचला. रक्त. किती वेळा उचलायचा? उचलला की पुन्हा तिथेच. स्वतःला धड चालता येत नाही आणि वाकून लाकूड मांडतात. पुन्हा शहाण्यासारखे समोर खुर्ची टाकून, जपमाळ घेऊन बघत बसतात. मी उडी मारून गेले की माळेचा मणी पुढे सरकतो. डोकं फिरायची वेळ आलीय.

फळ्या तयार आहेत. एकेक वाफेवर वाकवून ठेवली आहे. लावायला पठाण द्या म्हटलं. "अजून बसू दे. लाकूड बसावं लागतं." हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

खल्फान पुन्हा घरी आलाय. तो हसतो आणि टांग टाकून जातो. म्हणतो, म्हातारपण आहे, ठेवू दे. त्याच्या अंगठ्याला लागलं असतं तर कळलं असतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

आत्या हलवा घेऊन आली. माझ्या खोलीकडे वळली आणि दारातच थांबली. हातातली वाटी खाली ठेवली. पठाण उचलला आणि बाबांच्या समोर नेऊन धरला. "खमीस, हे काय आहे? कोणाच्या दारात ठेवलंस हे?" बाबा जपमाळ ओढत राहिले. आत्याचा आवाज चढला. मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं.

म्हणाली, पूर्वी खाडीवर नवा पठाण मांडला की पुरुष त्याच्यावर पहारा ठेवायचे. कारण मूलबाळ नसलेल्या बायका अंधारात येऊन तो ओलांडायच्या. ओलांडला की कूस भरते, असं म्हणायचे. पण त्याची किंमत ते गलबत बांधणारा एक सुतार. मूल येतं, आणि सुतार जातो. "तुझ्या बापाने तरुणपणी काठी घेऊन पहारा केलाय गं. रडणाऱ्या बायका हाकलून दिल्यात. आणि आता बघ."

मग इतका संताप आला, इतका कधी आला नव्हता. डॉक्टरांवर नाही, दुकानदारावर नाही. या माणसावर. मला न विचारता!

बाहेर येऊन ओरडले. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं मूल तुमच्याकडे? मला बाप नकोसा झालाय असं वाटलं का तुम्हाला?

"दारातली जागा सपाट आहे, म्हणून ठेवला," म्हणाले. डोळे वर केले नाहीत.

"सपाट म्हणे! आणि सुतार कोण या गलबताचा? फळ्या कोणी कापल्या? वाफेवर कोणी वाकवल्या? रंग कोण देणार? मी! मीही सुतार आहे याची. असल्या हिशेबात मग मी का जाणार नाही?"

बाबांनी वर बघितलं. असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता, आई गेली तेव्हासुद्धा. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खाडीवर बाई सुतार कधी कुणी बघितली होती? माझं खेळणं म्हणत राहिले, आणि खेळण्याला सुतार कशाला लागतो. मग स्वतः उठले, पठाण आत्याच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "फळ्या लाव. आजच लाव." पहिली फळी लागली की ओलांडण्याचं काही उरत नाही, असं आत्याने नंतर सांगितलं.

लावली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

फळ्या पुऱ्या. फासळ्या आत बसल्या. फटीत तेलाचा कापूस. तळाला चुना आणि चरबी, वर शार्कचं तेल, घरभर तो वास. मेंदीच्या कोनाने मागची नक्षी काढली. बाबा लांब बसून बघतात. एकदाही खेळणं म्हणाले नाहीत. मध्येच म्हणतात, "तो कुंचला नको, बारका घे." मी मुद्दाम मोठाच घेते. अजून बोलत नाही मी त्यांच्याशी धड.

२ जानेवारी, गुरुवार

सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोनदा तपासलं. दोन्ही वेळा हो. खल्फानला फोन केला, तो वाळवंटात कुणाला तरी मिठी मारून ओरडला.

बाबांना सांगायला माझी छाती होईना. शेवटी सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या रंगाने भरलेल्या हातांकडे, आणि उठून फडकं ओलं करून आणलं. एकेक बोट स्वतः पुसलं. थरथरत्या हाताने, नखांतलंसुद्धा.

३ जानेवारी, शुक्रवार

बाबा सकाळपासून सांबुक मांडीवर घेऊन रस्त्यावरच्या दारात बसलेत. नमाजाहून परतणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवतात. आवाज खणखणीत. "मी केला. याचा सुतार मी एकटा. पोरीने हातसुद्धा लावला नाही."

उद्या मी डॉक्टरकडे जाणार आहे आणि माझ्याआधी बाबांना तपासून घेणार आहे. नाही म्हणाले तर उचलून नेईन.