चामखिळी काढून आले

आई,

मी मानेवरच्या चामखिळी काढून आले. तुला कळवायचं तसं काही कारण नाही. तू जाऊन वीस वर्षं उलटली, इथे आता दोन हजार सात साल चालू आहे, आणि तू असतीस तरी मी तुला विचारून गेले नसते. पण परवा भाऊ येऊन गेला. तो जे बोलला ते ऐकल्यापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि भांडायला समोर माणूस नाही, म्हणून कागद घेऊन बसले. गोड बोलायला बसलेली नाही, हे आधीच सांगते.

पन्नाशी उलटल्यावर त्या हळूहळू वाढल्या. मऊ, लोंबत्या, काही तिळाएवढ्या, काही मसुराएवढ्या. मानेभोवती, काखेत, एक डाव्या पापणीच्या कडेला. दुखत नाहीत, पण सुखाने राहूही देत नाहीत. मंगळसूत्र अडकतं, अंग पुसताना टॉवेलने ओढल्या जातात आणि रक्त येतं, उन्हाळ्यात घामाने मान नुसती चरचरते. सून मला कितीदा म्हणाली, उल्हासनगरला एक चामडीच्या डॉक्टर आहेत, मशीनने लगेच काढतात, माझ्या ऑफिसातल्या बायका जाऊन आल्या. मी दर वेळी तिला उडवून लावलं. या वयात मला काय नटायचंय, असं म्हणायचे. ते वाक्य माझं नव्हतंच, तुझं होतं. नटवी हा एक शब्द तू माझ्या अंगाला चिकटवलास आणि तो मी इतकी वर्षं वागवला, की रक्त आलं तरी डॉक्टरची पायरी चढायची लाज वाटावी. माझ्या बरोबरीच्या बायका गुडघे दाखवायला जातात, डोळे दाखवायला जातात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मीच मान पदराखाली लपवून बसले होते.

लहानपणी पहिल्यांदा बोटावर एक आली, तेव्हाही तू चूक माझ्यावरच ढकललीस. अंगणात पडून चांदण्या मोजल्यास म्हणून आली, म्हणालीस, आणि पाठीत धपाटा घातलास. मी मोजल्या नव्हत्या. मला तेव्हा नीट मोजताही येत नव्हतं. ती पुढे आपोआप गेली, तुझा समज मात्र गेला नाही. मग मी विशीत आले आणि मानेच्या मागे, अंबाड्याच्या खाली, दोन-तीन उठल्या. नेमकं त्याच आठवड्यात कल्याणकडचे पाहुणे मला बघायला येणार होते. तू चुलीपाशी बसली आहेस. पानाच्या चंचीतली चुन्याची डबी उघडून तू वाटीत चुना काढतेस आणि त्यात धुण्याचा सोडा कालवतेस. मला पाटावर पाठमोरी बसवतेस, केस वर धरायला सांगतेस, आणि खराट्याची काडी बुडवून मानेला लावतेस. आधी चुणचुणतं, मग आग होते. मी हलते तशी तू माझं डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरतेस. ‘गप बस बाय, काय व्हत नाय.’ मी पाणी ओत म्हणते, तू म्हणतेस, चटका बसल्याशिवाय ती गळायची नाय. तू मायेने केलंस असं आजही कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मी ओरडत होते आणि तुला ऐकू येत होतं.

चामखिळी गळल्या, आणि त्यांच्याबरोबर रुपयाएवढी कातडीही. पू झाला, ताप आला. पाहुणे आले त्या दिवशी ओल्या जखमेवर पदर घेऊन मी पोहे दिले. मुलाच्या आईने केस किती लांब ते बघायच्या निमित्ताने पदर बाजूला केला आणि हात लगेच मागे घेतला. ते स्थळ गेलं याचं मला काही वाटत नाही. पुढे दुसरीकडे जमलं, बदलापूरला आले, संसार चांगला झाला. पण तू त्या मुलाच्या आईला जे सांगितलंस ते मी आतल्या खोलीत, हातात रिकामा ट्रे घेऊन ऐकलं. ‘पोरीला नटायची भारी हौस. मला न विचारता कायतरी लावला मानेला.’ तुझा आवाज जराही कापला नाही.

बरं, पाहुण्यांपुरतं खोटं बोलून थांबली असतीस तर तेही गिळलं असतं. पण अंबरनाथच्या बाजारात भाजीच्या पाट्यांमागे मी तुझ्याशेजारी मानेला फडकं बांधून बसायचे, आणि जी बाई येईल ती विचारायची, पोरीला काय झालं. वांगी तोलता तोलता तू सांगायचीस. गिऱ्हाइकागणिक गोष्ट वाढायची. कुठल्याशा मैत्रिणीने म्हणे मला पावडर आणून दिली होती, मी म्हणे आरशासमोरून हलत नव्हते. आपल्या घरात आरसा होता तो हाताच्या तळव्याएवढा, त्यात धड अख्खं तोंड दिसायचं नाही. आठवडाभरात शेजारची मासळीवालीसुद्धा मला ए नटवी म्हणून हाक मारायला लागली आणि तू हसलीस. मग मला पाठ पूर्ण झाकणारा ब्लाउज शिवून आणलास, आणि तोही चारचौघीत दाखवून आणलास. मी एकदाच तुला म्हटलं, खरं काय ते सांग ना लोकांना. तू म्हणालीस, लोक दोन दिवसांत विसरतात. माझ्या लग्नात माझ्याच मावशीने माझी ओळख नटवी म्हणून करून दिली. धाकटा भाऊ तर तीच गोष्ट खरी समजून मोठा झाला.

शेवटी गेल्या महिन्यात पापणीवरची डोळ्यात टोचायला लागली, तेव्हा सुनेने मला न विचारता रिक्षा बोलावली आणि उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात घेऊन गेली. खाली पापडांचं दुकान, वर दवाखाना. डॉक्टर सिंधी, माझ्या मुलाहूनही लहान. तिने भिंग लावून मान पाहिली आणि म्हणाली, आंटी, ये कुछ भी नहीं है, वयाने येतात, घराण्यात असतात, शुगर तेवढी एकदा तपासून घ्या. इतकंच. ज्याच्यापायी तू माझी मान भाजलीस ते काहीसुद्धा नव्हतं. तिने बधिर करायचं मलम लावून आम्हांला बाकावर बसवलं, मग पेनासारख्या मशीनने एकेक जाळली. केस जळल्यासारखा वास आला, दुखलं म्हणावं असं काही नाही. अंबाडा वर केल्यावर तिला तुझा डाग दिसला. हा जुना भाजलेला आहे, काय लावलं होतं, तिने विचारलं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं की मीच लावला होता, चुना आणि सोडा. तिचा हात थांबला. ‘गर्दन के पीछे? खुद? आंटी, दिसलं कसं तुम्हांला?’

आई, इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. कल्याणच्या पाहुण्यांनी नाही, बाजारातल्या बायकांनी नाही, माझ्या नवऱ्याने नाही. मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी, आरशातही दिसत नाही तिथे, इतकं नेमकं स्वतःचं स्वतः कोण लावेल? तुझं खोटं इतकं कच्चं होतं, आणि ते सगळ्यांनी पचवलं, कारण पोरगी नटवी असणं ऐकायला सोपं असतं. मी म्हटलं, माझ्या आईने लावलं. डॉक्टरने मान हलवली, डाग जाणार नाही, त्याला राहू दे म्हणाली, आणि पुढची चामखीळ धरली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

मग परवा भाऊ आला. चिखलोलीचं आपलं घर अजून त्याच्याकडेच आहे, भोवतीच्या खाचरांत आता इमारती उभ्या आहेत. चहा घेता घेता त्याला माझ्या मानेवरच्या खपल्या दिसल्या आणि तो हसला. ‘आई असती तं बोलली असती, नटवी ती नटवीच.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं न बोललेलं सगळं मी त्याला सांगितलं, चुलीपासून बाजारापर्यंत, आणि इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, त्याला धक्का बसला. तो म्हणाला, ‘मला माहीत हाय, ताई.’

तू त्याला सांगितलं होतंस. शेवटच्या दिवसांत तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी रोज दुपारी बदलापूरहून यायचे, तुला अंघोळ घालायचे, वेणी घालायचे, पेज भरवायचे. मी निघून गेले की संध्याकाळी तू त्याच्यापाशी रडायचीस. चुना मीच लावला, पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून तिच्यावर ढकललं, हे तू त्याला बोललीस. आणि पोराबाळांची शपथ घालून बजावलंस, ‘तिला बोलू नको. समजला तं ती पानी पन देयाची नाय मला.’ समजला तर म्हणजे काय, आई? मला काय समजायचं राहिलं होतं? मान माझी होती. मला पाठमोरी बसवलं होतंस, आंधळी केलं नव्हतंस. सगळं माहीत असूनच मी तुला पाणी देत होते, आणि तेच पाणी पिऊन तू माझ्याबद्दल हे बोलत होतीस. माफी मागायची ती तू त्याच्याकडे मागितलीस, ज्याच्या अंगाला कधी चटका बसला नाही. आणि हाही असला, वीस वर्षं मनात ठेवून वर मला नटवी म्हणतो. का म्हणालास विचारलं तर म्हणतो, सवय झाली गो.

हे पत्र तुझ्या फोटोपुढे ठेवायचं नाही आणि पाण्यात सोडायचं नाही. लिहून झालं की फाडून टाकीन. मी तुला माफ केलेलं नाही, करीन असं वाटतही नाही. फक्त एक गोष्ट भावाखेरीज कुणाला माहीत नाही, ती लिहिते. तो जायला उठला तेव्हा मी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि आई नेमकं काय बोलली ते विचारलं. तो म्हणाला, ‘पोरीचा नाव मीच खराब केला, असा बोलली.’ मी म्हटलं, परत सांग. त्याने सांगितलं. मग मी म्हटलं, तुझ्या आवाजात नको, आईच्या आवाजात, ती जशी बोलली तसं बोलून दाखव.