ओवाळणीची सायकल

जालना
शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९९४

ती. झुंबरअक्कास,

धाकट्या मच्छिंद्रचा नमस्कार. दाजींच्या पाया पडतो म्हणून सांग. इकडं समदे खुशाल. चतुराची कंबर धरल्ती, आता बरी आहे आणि माझ्यावर ओरडायला पुन्हा उभी राह्यली. तू दिलेले अनारसे पुरवून खा म्हणलं, तर पोरांनी घरी पोचायच्या आत डबा चाटून पुसून ठेवला.

तुझं पत्र मिळालं. बेबीनंदा कालव्याच्या भरावावरून सायकल उडवती, गावची पोरं बघायला जमतात आणि तू तोंडाला पदर लावून हसतीस. वाचून मीबी हसलो. पोरगी तेरा वर्षांची अन् धाक कुणाचाच न्हाई! तुझ्यावरच गेली म्हणायची.

दुकान जोरात चालू आहे. टीव्हीवर ती बारक्या चाकांची बीएमएक्स बघून पोरांना येड लागलंय. कंपनीची सायकल समद्यांना एकाच मापाची, माझ्याकडं मात्र टेलरकडं यावं तसे येतात. हात किती लांब, पाय किती, ते बघून मी फळीवर खडूनं फ्रेम आखतो, खिळे ठोकतो आणि त्यात पाइप बसवतो. पाइपाचं तोंड कानशीनं घासून घासून असं जुळवतो की सांध्यातून उजेड दिसू नये. मंग गॅसवर पितळेची कांडी वितळवून सांधा भरायचा. शेजारचा लोहार म्हणतो, मच्छिंद्रा, एका सायकलीला एवढा येळ? म्हणलं बाबा, तुझा विळा जमिनीवर चालतो, माझी फ्रेम हवेत जाती.

धान्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्यानं दिवाळीला पोरासाठी फ्रेम नेली. आता अख्ख्या मोंढ्यात माझं नाव झालंय. त्याचं कधीतरी सांगीन.

एक बारीक काम होतं. बेबीनंदाची सायकल तातेरावच्या जीपच्या टपावर टाकून परत पाठव. विशेष काही न्हाई. लाल रंग जरा घाईत मारल्ता, त्याचे पोपडे निघतील. पुन्हा मारून देतो. तवर तिनं चालवू नये, म्हणजे रंग खराब होणार न्हाई. दाजींना कशाला सांगतीस एवढ्याशा गोष्टीचं, उगीच चिडतील.

थंडी पडली, जपून राहा.

तुझा लाडका भाऊ
मच्छिंद्र


जालना
मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४

अक्का,

आधी सायकलीचं पुढचं चाक काढून ठेव. पाना दाजींच्या पेटीत असेल. बेबीनंदा सायकल घेऊन बाहेर गेली असेल तर कुणालातरी पळव, पण तिला भरावावर चढू देऊ नको. मंग पुढचं वाच.

नमस्कार राह्यला. आज तो घालायला हात उठत न्हाई.

तातेरावनं काल तुझा निरोप दिला, अगदी तुझ्या आवाजात. "ओवाळणीचं ताट उलटं फिरत न्हाई म्हणावं. रंग उडाला तर उडू दे. भावानं ताटात घातलेलं परत करायचं म्हणजे भावाचं आयुष्य कमी करायचं. मी देणार न्हाई." अक्का, तू माझ्या जिवासाठी ती सायकल धरून बसलीस, अन् मी रंगाचं बोलून राह्यलो! जाता जाता तातेराव हसत म्हणला, "भाची लई भारी उडती, मच्छिंद्रभाऊ. फकस्त हँडल करकर वाजतंय. तुमच्या भुजंगराव दाजींनी तेल सोडलंय."

त्या करकरीला तेल चालत न्हाई. हँडल जिथं फ्रेममध्ये बसतं तिथली मान फाटून राह्यली. वरून रंग आहे म्हणून दिसत न्हाई. एका उडीत मान निघाली तर हँडल तिच्या हातात राहील अन् पोरगी तोंडावर जाईल.

हे मला कसं ठाऊक, तर फ्रेम मीच तशी बनवली. रंगाची गोष्ट बिलकुल खोटी होती.

तू श्रावणात तिला दुकानात घेऊन आल्तीस, आठवतं का? मी तिचे हात मोजले, फळीवर फ्रेम आखली. चांगला जाड पाइप मुंबईहून मागवला, एकाच फ्रेमपुरता मिळाला, आणि त्याच्यावर खडूनं 'बेबीनंदा' लिहून ठेवलं. दिवाळीच्या तोंडावर तो अडत्या आला. त्याच्या पोराला उड्या मारायच्या होत्या, सायकल जल्दी पाहिजे होती, अन् मला मोंढ्यात नाव पाहिजे होतं. मी फडक्यानं खडू पुसला. तुझ्या पोरीची फ्रेम खुर्च्या-टेबलांच्या पातळ पाइपाची केली. मनात म्हणलं, पोरगीच तर आहे, शाळेत जाईल अन् दळण आणील. ती कुठं उड्या मारती!

अन् तिनं मला विचारलं होतं गं. तू ओवाळत होतीस, ती दारात सायकल धरून उभी. "मामा, उडी मारली तर चालंल ना?" मी तोंडात करंजी घेऊन म्हणलं, "हाण बिनधास्त." कपाळावर तुझं कुंकू अन् तोंडात खोटं. त्या घासाची आता शिसारी येती.

तुझं भरावाचं पत्र आलं तवा मी हसलो असं लिहिलं, तेबी खोटं. त्याच पाइपाचा उरलेला तुकडा घेतला, तशीच मान जोडली, दगडावर दोनदा आपटली. तिसऱ्यांदा आपटायची गरज पडली न्हाई. तरी तुला रंगाचंच लिहिलं. मामाची इज्जत वाचावी म्हणून पोरीला चार दिवस त्या सायकलीवर ठेवलं. थू माझ्या जिनगानीवर!

चतुराला सांगितलं. ती कधी न्हाई ते ओरडली न्हाई. एवढंच म्हणली, "तुमचा बाबा तरी तोंडावर बोलायचा."

बराबर बोलली. सातवीनंतर बाबानं तुला शाळेतून काढलं तवा तो सरळ म्हणला, पोरीला काय करायचंय शिकून. दुसऱ्या दिवशी तुझं दफ्तर माझ्या खांद्यावर होतं. तूच पट्टा आखूड करून दिल्तास, माझ्या मापाचा. त्या दफ्तरावर मी आयटीआयपर्यंत गेलो, हातात गॅसची नळी आली. पुढं बाबाला मीच नावं ठेवायचो. अन् पोरीला काही द्यायची येळ आली तवा बाबा माझ्याच तोंडून बोलला.

हे पत्र पाठवायला नको होतं, स्वतः यायला पाहिजे होतं. सकाळी स्टँडवर गेल्तो. जीपमध्ये बसलो, सीट भरली, तातेरावनं गाडी चालू केली अन् मी उतरलो. तुझ्या दारात कसा उभा राहू ते कळंना. म्हणून तिथंच टपरीवर बसून हे लिहून राह्यलो. तातेराव खोळंबून शिव्या देतोय. पत्र तुझ्या हातात दिल्याबिगर हलायचं न्हाई, असं त्याला सांगितलंय.

उद्या पहिल्या जीपनं येतो. उतरणार न्हाई आता. करवत घेऊन येतो, ती फ्रेम बेबीनंदासमोर मानेपाशी कापतो, म्हणजे तिला आत काय होतं ते दिसंल. नवा पाइप मुंबईहून येईल तवर तिला सायकल न्हाई. आल्यावर तिनं दुकानात यावं, पाइप वाजवून बघावा, त्याच्यावर नाव तिनंच लिहावं. अन् त्या सायकलीची पहिली उडी मी मारीन, भरावावरून, समद्या गावासमोर. पडलो तर हसा.

ताट उलटं फिरत न्हाई म्हणतीस. पण तू देत न्हाईस, मी मागून घेतोय. काही व्हायचंच असेल तर ते माझं होऊ दे, पोरीचं नको.

दाजींना पत्र दाखव. बेबीनंदाला मोठ्यानं वाचायला लाव. मामा आजारी होता, कामात होता, असलं काही तिला सांगू नको. माझी बाजू घ्यायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळेला घेऊ नको.

तुझं दफ्तर नेलेला,
मच्छिंद्र