डुलणारा लॅपटॉप

मंगळवार, संध्याकाळ

दुकान बंद करून घरी आलो, पण तो लॅपटॉप डोक्यातून जात नाही. टेबलावर ठेवला तर डुलत होता. सपाट तळाची वस्तू डुलेल कशाला? आतली बॅटरी फुगलीय, दुसरं काय. अशी बॅटरी तापली की पेट घेते.

सुनंदा मॅडमनी एकाच कंपनीचे तीन लॅपटॉप घेतले, तिन्ही मीच उघडले. पहिल्याची बॅटरी खटका दाबला की हातात यायची. दुसऱ्याला दहा स्क्रू. हा तिसरा वहीएवढा पातळ, बॅटरी गोंदानं चिकटवलेली. दरवेळी पातळ होत गेला, आणि हा आता जाड व्हायला लागलाय.

मॅडम घाईत होत्या. "शाळेचे निकाल भरायचेत, परवा आणून देते. चालेल ना?" चालेल म्हणालो. का म्हणालो? ठेवून घ्यायला हवा होता. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, ही माझी खोड. डुलताना डोळ्यांनी बघितला होता.

आत्ता फोन केला. मॅडम बाहेर गेल्यात, त्यांच्या सासूबाईंनी उचलला. "हाय की, दुपारभर चार्जिंगला हुता. धूळ बसू नये म्हणून चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलाय." सोलापुरी चादर, तीही दुहेरी. आमच्याकडं रेडिओसुद्धा असाच ठेवायचे.

कपाट उघडू नका म्हटलं, फक्त बाहेरून हात लावून बघा.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोमट लागतंय, बाबा."

त्यांना घराबाहेर थांबायला सांगितलंय. मॅडमचं घर जुळे सोलापूरला, इथून वीस मिनिटं. निघतो.