बाबांनी आणलेली भाजी

आई, गेल्या आठवड्यात बाबांनी जेवण सोडलं. उपासतापास नाही, त्या भानगडीत ते कधीच पडले नाहीत हे तुला माहीत आहे. माझ्यामुळे सोडलं. तू गेल्यावर कितीतरी वर्षं ते सांगलीच्या घरात एकटे राहिले, हाताने करून खात राहिले, शेजारच्या काकूंच्या डब्यालाही नाही म्हणाले. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडले तेव्हा मात्र मी त्यांचं काही ऐकलं नाही, सरळ इकडे अमेरिकेत घेऊन आले, कॅरीला. माझं हे गाव तू पाहिलं नाहीस. झाडं भरपूर, रस्ते स्वच्छ, आणि रस्त्यावर माणूस नाही. कोपऱ्यावर दुकान नाही, दारावर भाजीवाली नाही. घरात जे काही येतं ते गाडीतून येतं, आणि गाडी मी चालवते. बाबा सकाळ-संध्याकाळ कॉलनीतल्या तळ्याभोवती फेरी मारतात, टोपी घालून, हात मागे बांधून, कालव्याच्या पाहणीला निघाल्यासारखे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्यातला ओव्हरसिअर काही निवृत्त व्हायला तयार नाही.

त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर, माझ्या चाळणीत, हिरवंगार काहीतरी निथळत होतं. लालसर जाड देठ, बारकी मांसल पानं. बाबा शेजारी उभे. "घोळ आहे," म्हणाले, "तळ्याकाठी नुसता माजलाय. इथल्या लोकांना पत्ताच नाही. डाळ घालून कर." आई, इथे आल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण त्याच सकाळी कॉलनीच्या असोसिएशनचा ईमेल आला होता, तळ्याकाठच्या हिरवळीवर तणनाशक फवारलंय, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. मुलं आणि कुत्री म्हटल्यावर मला बाबा आठवले नाहीत. "कच्चं खाल्लंत का? एक तरी पान?" मी विचारलं. "चावून बघितलं ना. त्याशिवाय कसं कळणार?" ते म्हणाले.

मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची बाई शांत होती. पाणी पाजा, लक्ष ठेवा, एका पानाने काही होणार नाही, म्हणाली. काही झालंही नाही. पण तोवर मी भाजी चाळणीसकट बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले होते आणि बाबांचे हात नळाखाली धरून साबणाने खसाखसा घासत होते, लहान मुलाचे घासावेत तसे. लेक जिन्यात उभी राहून बघत होती. बाबा म्हणाले, "अगं, जन्मभर शेतकऱ्यांच्या बांधावरून फिरलोय मी." तेव्हा मी ओरडले, "ते तिकडे. इथलं तुम्हाला काही कळत नाही. इथे कशालाही हात लावत जाऊ नका." माझा तापटपणा त्यांच्याकडूनच आलाय, तू नेहमी म्हणायचीस. त्यांच्यावरच तो असा उलटेल हे मात्र आपल्या दोघींनाही वाटलं नसेल.

बाबांनी माझं म्हणणं शब्दशः पाळलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी प्यायचं तरी, "हा पेला घेऊ का?" फ्रिजपाशी उभं राहून, "उघडू का?" दिवाही लावेनात, संध्याकाळी अंधारात बसून राहिले. वाढलं तर दोन घास भात खायचे आणि पुरे म्हणायचे. भूक नाही, एवढंच. पण मधुमेहाची गोळी मात्र वेळच्या वेळी घेत होते, कारण ती त्यांची स्वतःची, सांगलीहून आणलेली. पोटात अन्न नाही आणि वर गोळी, मग व्हायचं तेच झालं. मी मीटिंगमध्ये असताना लेकीचा फोन आला. "मॉम, आजोबा आर शेकिंग. ही कान्ट स्टँड अप." तिनेच त्यांना संत्र्याचा रस पाजला, साखर मोजली. मी घरी पोचले तेव्हा रिकामा पेला धरून ती त्यांच्यापाशीच बसली होती. "ही वोन्ट ईट, मॉम. तू सॉरी म्हण ना," ती म्हणाली. मी म्हणाले गं. बाबांच्या समोर बसून म्हणाले. ते म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. मला इथलं कळत नाही, हे खरंच आहे. माझं तिकीट काढ." खोलीत बघते तर बॅग पलंगावर उघडी होती. डॉक्टरांनी फोनवर गोळी थांबवायला सांगितली, आणि सोमवारपर्यंत नीट जेवले नाहीत तर सरळ दवाखान्यात घेऊन या, म्हणाले. मला मात्र दवाखान्यापेक्षा त्या बॅगेची भीती जास्त होती. सांगलीच्या त्या घरात ते एकटे, अशी साखर उतरलेली, आणि हाक ऐकायला कोणी नाही. रात्रभर मला तेच दिसत राहिलं.

मग मला वाटलं, त्यांना घोळ हवाय ना, आपण घोळ आणू. इंडियन दुकानं पालथी घातली. मेथी होती, शेपू होता, फ्रोझन अंबाडीसुद्धा होती, पण घोळ म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मग फोनवर शोधलं, तेव्हा कळलं की मेक्सिकोत ही भाजी आवडीने खातात. इतकी वर्षं शेजारच्या रॅलेला जाता-येता एक मेक्सिकन दुकान दिसायचं, पिवळ्या भिंतीचं. आत कधी गेले नव्हते. गेले, तर छताला कागदाचे रंगीत प्राणी लटकलेले, पोत्यांतून सुक्या लाल मिरच्या, चिंचा, गुळाच्या छोट्या ढेपा, काटे काढलेली निवडुंगाची पानं. मिरच्यांचा खाट नाकात गेला आणि मी शिंकत सुटले. काउंटरवरच्या बाईला फोटो दाखवला. "वेर्दोलागास," ती म्हणाली, आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे जुड्यांचा ढीगच होता. हाताला लागली ती उचलून मी घरी आले, डाळ घालून, लसणीची फोडणी देऊन भाजी केली, भाकरी थापली. बाबांनी भाजीकडे पाहिलं. "कुठून आणलीस?" "दुकानातून. खास तुमच्यासाठी." "बरं," ते म्हणाले. भाकरीचा चतकोर खाल्ला आणि भाजी तशीच ठेवून उठले.

त्या दिवशी मी रडले, आई. रागाने रडले. एवढं काय मागतोय हा माणूस, असं वाटलं. आणि भांडी घासता घासता तू आठवलीस. मी शाळेतून आलेय, तू चुलीपाशी, आणि बाबा कामावरून येऊन सायकलच्या हँडलची पिशवी तुझ्यापुढे ठेवतायत. आपल्या घरी भाजी बाबाच आणायचे. कधी बाजारातून, कधी कुणाच्या मळ्यातून, कधी कालव्याच्या काठावरून स्वतः खुडून. तू पिशवीत डोकावायच्या आधीच म्हणायचीस, "छान मिळाली हो." मग ती वर्तमानपत्रावर पालथी करायचीस, आणि जून-किडकं असेल ते त्यांची पाठ वळल्यावर गाईला. एकदा मी नाक मुरडलं, परत गवारच का म्हणून, तर तू लाटणं खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलंस की मला अजून आठवतं. "आणलेल्या भाजीला नावं ठेवायची नाहीत," म्हणालीस. "त्या माणसाने घरासाठी काही आणलंय." माझ्या घरात राहायला आल्यापासून बाबांनी घरासाठी पहिल्यांदाच काही आणलं होतं. आणि मी ते चाळणीसकट फेकलं.

काल शनिवारी मी त्यांना म्हणाले, चला, गाडीत बसा. "कुठे?" "भाजीला." त्यांनी टोपी घातली. दुकानापाशी पोचल्यावर मात्र उतरेनात. "तू आण. मला इथलं काय कळतंय?" बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी म्हणाले, बंद गाडीत तुम्हाला बसवून गेले तर इथले लोक पोलीस बोलावतील. ते पुटपुटत उतरले. आत आले, मिरच्यांच्या पोत्यांपाशी थबकले, गुळाकडे रोखून पाहिलं, पण हात मागेच. घोळाच्या ढिगाशी ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि हात तसेच मागे बांधलेले. आता हे असेच परत गाडीत जाऊन बसतील आणि घरी गेल्यावर तिकिटाचं काढतील, असं वाटलं. मग मी मुद्दाम त्यातली सगळ्यात वाईट जुडी उचलली, पिवळी पडलेली, फुलावर आलेली, आणि टोपलीत टाकायला निघाले.

"ती नको," बाबा म्हणाले. मी म्हटलं, चालतंय की. "चालतंय काय? जून झालीय ती. देठ बघ." आणि त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. मग ढिगात हात घातला. एकेक जुडी उलटून, देठ नखाने मोडून बघत राहिले. शेजारी एक वयस्कर मेक्सिकन बाई तेच करत होती. बाबांनी एक कोवळी जुडी तिच्यापुढे धरली आणि चक्क मराठीत म्हणाले, "ही घ्या, चांगली आहे." ती हसून काहीतरी बोलली आणि घेतली. परतताना पिशवी त्यांनी मांडीवर धरली, मागच्या सीटवर ठेवू दिली नाही.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मी हात धुता धुता, पिशवीकडे न बघता म्हणाले, "छान मिळाली हो बाबा." ते खुर्ची ओढून बसले आणि निवडायला लागले. काल रात्री जेवले. आज दुपारीही जेवले, मागून घेऊन. मी समोर बसून त्यांचा घास आणि घास बघत होते. मध्येच थांबून म्हणाले, "तिच्यासारखी नाही झाली." आणि पुन्हा वाढून घेतली. लेक म्हणाली, "आजी वॉज बेटर?" "खूपच," बाबा म्हणाले. बॅग अजून पलंगाखाली आहे, पण बंद आहे. सध्या मला तेवढं पुरे.

आता ते झोपलेत आणि मी हे लिहितेय. ठेवीन कुठेतरी, पाठवायचं कुठे म्हणा. तुझ्यासारखी नाही झाली, असं ते म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली, आई. हो ना, तिची कुठे आणि माझी कुठे. पण खरं सांगू, तुझ्या हातची चव मला आता आठवत नाही. तुझी चूल आठवते, तुझे हात आठवतात, घास तोंडात गेल्यावर काय व्हायचं तेवढंच आठवत नाही. ती चव आता फक्त बाबांपाशी आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.