इंजिन ठरलं, गिअरबॉक्स अडला

४ मार्च

इंजिन ठरलं! शर्यतीच्या ट्रकला सहा सिलिंडरचं डिझेल, मोडीत निघालेल्या लॉरीतलं. जावईबापूंचा जीव पेट्रोलच्या आठ सिलिंडरवर — हलकं आहे, झटकन पळतं, ट्रकचं नाक जड होणार नाही. सगळं खरं. पण महिनाअखेरची शर्यत डांबरावर नाही, वाळूत नि दगडधोंड्यांत आहे. तिथं पळणारा काय कामाचा? ओढणारा लागतो.

लेक म्हणाली, "इंजिन बाबांचं." शर्यतीत ट्रक तीच चालवणार, तेव्हा विषय संपला. जावयाचं तोंड एवढंसं झालं. जेवण गोड लागलं.

६ मार्च

गिअरबॉक्सही मीच आणला. भंगाराच्या आवारात पाच पडले होते. एकेकाचा दांडा हातानं फिरवला, कवचावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली. हीच माझी शाळा नि हेच कॉलेज. याच कानावर ही शेड उभी राहिली. लोक बंद गाडी ओढत आणतात नि म्हणतात, मालक, हात लावू नका, नुसतं ऐका.

चौथा उचलला. पाच गिअरचा, हातानं टाकायचा. बसवला, चाकं अधांतरी ठेवली, एकेक गिअर टाकून पाहिला. वेल्डर, फिटर, सगळे भोवती. म्हटलं, "ऐका. लोणी आहे लोणी." सगळ्यांनी माना डोलावल्या. लेक तेवढी गप्प.

९ मार्च

लेकीला आता ऑटोमॅटिक हवाय. म्हणे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतील. मग हे तीन दिवसांपूर्वी का नाही सुचलं? बोल तिचे, बोलविता धनी वेगळा — जावयानं परस्पर एक ऑटोमॅटिक बघूनही ठेवलाय. कानामागून आला नि तिखट झाला!

नाही म्हणालो. वाळूत ऑटोमॅटिक तापतो. उतारावर गिअरनं गाडी जशी धरता येते तशी त्यानं धरता येत नाही. तिनं यातलं काहीच खोडून काढलं नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "बाबा, एवढं एक ऐका माझं."

उठून गेलो.

१० मार्च

अबोला. मीठसुद्धा बायकोमार्फत मागायचं. बायको म्हणते, दोघं एकाच भट्टीतले, मला कशाला मध्ये भाजता?

१२ मार्च

ट्रकखाली आडवा होतो. पलीकडे दोघं येऊन उभे राहिले. मी नाही असं समजून बोलायला लागले. जावई म्हणाला, "कुणीतरी सांगायला हवं त्यांना." ती म्हणाली, "मी नाही सांगणार. शेडमधल्या माणसांसमोर तर नाहीच."

काय सांगायचंय ते न कळायला मी काय दूधखुळा आहे? शेड हवीय. म्हाताऱ्यानं घरी बसावं, पेपर वाचावा, संध्याकाळी चक्कर मारून यावं! मी पत्रे चढवले, मी भट्टीसमोर भुवया जाळून घेतल्या, आणि आता आयत्या बिळावर नागोबा. जावयाचं एक वेळ समजू शकतो. पण पोटची पोर?

ते गेल्यावर बाहेर येऊन डोळे पुसले. ऑईल डोळ्यात गेलं होतं.

१५ मार्च

आज चाचणी. गावाबाहेरच्या माळावर आणखी चार गाड्या आल्या होत्या. मी लेकीच्या शेजारी बसलो. इंजिननं चढ असा घेतला की ऊर भरून आला. तिसऱ्या गिअरमध्ये तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, शाबासकी हवीय. दिली. तिनं मान वळवली.

खाली उतरलो तर दुसऱ्या गाडीचा एक मेकॅनिक आला. नवखा, मला ओळखत नव्हता. "काका, तिसऱ्यात केवढा किंचाळतोय तुमचा बॉक्स! उघडून बघा." म्हटलं, पोटात दुखतंय बेट्याच्या. वेल्डरकडे बघून हसलो. तो हसला नाही. बुटांकडे बघत राहिला.

शेडमध्ये आल्यावर वेल्डरला एकट्याला मागं नेलं. त्यानं आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "पहिल्या दिवसापासून ओरडतोय, मालक. पण तुम्ही लोणी म्हणालात. मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी आहे."

बाकीचे? त्यांनाही तसंच वाटलं असणार, म्हणाला. कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्या कानापुढे आपला कान कोण खरा मानणार!

गिअरबॉक्सचं ऑईल हातावर घेतलं. चंदेरी कीस चमकत होता. दात झिजताहेत. भर उतारावर तिसरा निसटला असता — नको, ते लिहीत नाही.

वेल्डर सोडून बाकीचे जेवायला गेल्यावर चाकं पुन्हा उचलली, तिसऱ्यात टाकून ट्रक चालू ठेवला. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. इंजिनचा ठोका येतो. पंखा येतो. दाराशी उभा वेल्डर खोकला, तेही आलं. बारीक, तीक्ष्ण असं काहीच येत नाही. डावा कान लावून पाहिला. उजवा लावून पाहिला.

पोरीनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून इंजिन माझं तसंच ठेवलं नि फक्त गिअरबॉक्स बदलून मागितला.

१६ मार्च

ऑटोमॅटिक बसवायला घेतला. सगळ्यांना मी सांगितलं, पोरीचा हट्ट, काय करणार! फिटर म्हणाला, "ताईंना क्लच जड जातो वाटतं." मी त्याला गप्प केलं नाही.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं लेक हसली.