नंबर तुझा लिही

कात्रज, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. अपूर्वा,
सप्रेम जयभीम.

तुझी आणि माझी तक्रार एकाच बाईविरुद्ध आहे, म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाच. सासूचा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच करतेस.

इकडे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तरी मंडईत जातात. त्यांच्या पोटात गोष्ट किती टिकते, तुला माहीत आहेच. परवा मेथी निवडता निवडता म्हणाले, "अकरावा आठवडा लागला म्हणे."

"कुणाला?"

"कुणाला काय! अगं, तुला सांगू नका म्हणाला होता आपला अनिरुद्ध."

"मग सांगितलंत कशाला?"

"मी कुठे सांगितलं? नुसता आठवडा सांगितला."

हसले. मग नळ सोडून बराच वेळ ती मेथी धूत राहिले.

वीस वर्षं मी माइकसमोर उभी राहून सोनोग्राफीच्या मशीनला मारेकरी म्हणत आले. पोटातल्या पोरी मारणाऱ्यांवर तुटून पडले. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगण्यावर, तपासणीवर नाही. हा फरक मला पाठ होता. सभेत तो समजावायला लागलं की टाळ्या थांबतात, म्हणून समजावणं सोडलं. आणि जे बोलणं सोडलं, ते हळूहळू मीच विसरले.

गेल्या खेपेला उलट्यांनी बेजार झालीस म्हणून खराडीहून आमच्याकडे राहायला आलीस. घरून काम करायचीस, दिवसभर मीटिंगा. म्हणून दवाखान्यात माझा नंबर दिलास. तिसऱ्या महिन्यात मी तुला सांगितलं, त्यांचं मशीन बिघडलंय, राहू दे.

मशीन बिघडलं नव्हतं, अपूर्वा.

रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला होता. "मॅडम, उद्या दहाची वेळ आहे. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू नका."

मी म्हणाले, "आमच्या घरात असल्या तपासण्या होत नाहीत."

"अहो, बाळाची वाढ बघतात फक्त."

त्या बिचारीला मी पाच मिनिटं भाषण ऐकवलं. फोन ठेवला आणि तुझ्याकडे येऊन खोटं बोलले. पाचव्या महिन्यात तू पुन्हा विचारलंस, तेव्हा "धडधाकट आहेस, कशाला ते?" म्हणाले. तू माझा मान राखलास.

आठव्या महिन्यात पोटात पाणी फार झालं, तेव्हा डॉक्टरांनी पाठवलंच. बाळाची कवटी तयारच झाली नव्हती, मेंदूही अर्धवट. डॉक्टर म्हणाल्या, "हे तिसऱ्या महिन्यातच दिसलं असतं." तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ती चाळीस मिनिटं जगली. नर्सने टोपडं भुवयांपर्यंत ओढून तिला तुझ्या हातात दिलं. नाक अगदी तुझं. तू टोपडं सारखं करत म्हणालीस, "आई, हे हिला मोठं होतंय."

तपासणी झाली असती तरी ती वाचली नसती. खरं आहे. त्या एका वाक्यामागे मी दीड वर्ष लपले. पण पाच महिने तू पाळण्याचे रंग बघत होतीस. वेळेवर कळलं असतं, तर पुढे काय करायचं ते तू ठरवलं असतंस. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, असं गावोगाव ओरडत फिरणाऱ्या बाईने तो हक्क स्वतःच्या सुनेच्या हातून काढून घेतला, तोही फोनवर, तुला न विचारता.

माफ कर असं म्हणत नाही. ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल.

डॉक्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला धोका थोडा जास्त असतो. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तू दिवस राहायच्या आधीपासून घेतेस, हेही बाबांच्या तोंडून निसटलं. चांगलं केलंस. पण गोळ्यांवर थांबू नकोस. मंगळवारी बारावा आठवडा लागतोय. त्या दिवशी सोनोग्राफीला जा. मला बरोबर नेऊ नकोस. मी कुठल्या सभेत काय बोलते, ते मनात आणू नकोस.

आणि फॉर्मवर फोन नंबर विचारतील, तिथे तुझा स्वतःचा लिही.

तिची आजी,
ललिता