झालं म्हणेपर्यंत

४ नोव्हेंबर

माझं सगळं बदललं ते एका फोटोपायी. गेल्या वर्षी भर दुपारी कॉलेजसमोरच्या चौकात तिपाई रोवली, लेन्सवर वेल्डरच्या चष्म्याची काळी काच रबरबँडने बांधली आणि दहा मिनिटं शटर उघडं ठेवलं. चौकात माणसांची झुंबड होती. फोटोत मात्र चिटपाखरू नाही. चालणारे, धावणारे, भांडणारे सगळे पुसले गेले. उरले विजेचे खांब, झाडं आणि ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेली एक मुलगी. तेवढा वेळ ती हललीच नव्हती. वेल्डिंगच्या काचेमुळे सगळं हिरवट, आणि त्या हिरव्या ओसाड जगात ती एकटी. त्या क्षणी मी कॅमेऱ्याचा झालो, आणि तिचाही. ती कुणाची तरी वाट बघत होती हे दिसतच होतं. माझी नव्हे, हेही.

आज हे लिहायचं कारण असं की आज नव्या जागी आलो. कॉलेज सुटलं. म्हणजे मीच सोडलं, दुसऱ्या वर्षाच्या मधोमध. फिल्म क्लबच्या सरांनी माझ्या फिल्मला सगळ्यांदेखत ‘रिकाम्या व्हरांड्याची जाहिरात’ म्हटलं. मी प्रोजेक्टरची वायर उपटली आणि चालू लागलो. बाबा म्हणाले, राग नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरणाऱ्याला पुढचं दिसत नाही. न दिसो.

तर आता मी एका फोटो स्टुडिओत मदतनीस. पुढे दुकान, मध्ये पासपोर्ट फोटोची खोली, आणि मागे जुना मोठा स्टुडिओ. तीच माझी राहायची जागा. काय खोली आहे! छताला तिरकी मोठी काच, दिवसभर मऊ उजेड. एका भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यावर जिना, कठडा आणि लांबवर तळं. पडद्यापुढे हातांची लाकडी खुर्ची, तिच्या पाठीला लोखंडी चिमटा. पूर्वी फोटोला फार वेळ लागायचा, तेव्हा मान हलू नये म्हणून बसणाऱ्याचं डोकं त्यात टेकवायचे. दुकानातला उजेड आत झिरपू नये म्हणून दाराच्या कडांना नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या ठोकल्यात. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं? आज झोप येणार नाही, आनंदाने.

७ नोव्हेंबर

मालकांना सगळी गल्ली काका म्हणते, म्हणून मीही. टक्कल तुळतुळीत, जीभ तिखट. मला ‘काय फिल्लमवाले’ म्हणून हाक मारतात.

त्यांची एक गंमत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ‘हलू नका’, मग क्लिक, मग खणखणीत ‘झालं!’. कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो घेतो, पण झालं म्हटल्याशिवाय ते कुणाला उठू देत नाहीत. आज एक बाई रडक्या बाळाला घेऊन मध्येच उठायला लागल्या, तर त्यांच्यावर असे खेकसले की बाळ दचकून गप्प झालं. मग झालं म्हणाले, आणि त्याच बाळाला आपल्या टकलावर तबला वाजवू दिला.

मी म्हटलं, काका, कॅमेऱ्याला तुमचं झालं ऐकू येत नाही. तर म्हणाले, कॅमेऱ्याला नाही रे, बसलेल्याला येतं. ज्याने बसवलं त्यानेच उठवावं, हा धंद्याचा नियम. मला हसू आलं. पण संध्याकाळपर्यंत मीही गिऱ्हाइकांना हलू नका, झालं, हलू नका, झालं. जीभ वळणाला लागली की लागली.

कात्रीला फोन केला. कात्री म्हणजे तीच, पायरीवरची. क्लबच्या सगळ्या फिल्म ती जोडायची आणि इतक्या निर्दयपणे कापायची की हे नाव पडलं. माझ्या शॉट्सबद्दल तिचं ठरलेलं वाक्य होतं, तुला सुरुवात जमते, शेवट जमत नाही. कॅमेरा चालू करतोस आणि निघून जातोस. आज तिला म्हटलं, या खोलीवर एक फिल्म करतोय, ती तूच कापायचीस. ती म्हणाली, बघू. तिचं बघू म्हणजे माझ्यासाठी चार दिवसांचा खुराक.

११ नोव्हेंबर

आज दुकान बंद. खोलीत उजेड सकाळपासून कसा सरकतो, ते फिल्मच्या सुरुवातीला हवंय. काळी काच बांधली, रिकाम्या खुर्चीवर रोख धरला आणि शटर उघडून बाहेर चहाला गेलो. मुद्दामच गेलो, कारण माझ्या हालचालीने फरशी थरथरते.

फोटो हिरवा आला, ते नेहमीचंच. पांढरे ठिपकेही आले, कॅमेरा तापला की येतातच. पण खुर्चीवर धुरकट डाग आहे. लेन्स पुसून पुन्हा काढला. डाग तिथेच. तिपाई हातभर सरकवून काढला. डाग खुर्चीवरच. लेन्सवर असता तर तिपाईबरोबर सरकला असता.

काचेतून येणारी एखादी तिरीप असेल. उद्या आणखी लांब ठेवतो.

१४ नोव्हेंबर

दुपारभर शटर उघडं ठेवलं.

गुडघे. साडीच्या निऱ्या. खुर्चीच्या हातांवर ठेवलेले दोन पंजे, बोटं घट्ट.

चेहरा अजून धूसर आहे, पण मान दाराकडे वळलेली.

चौकातल्या फोटोचा नियम मला पाठ आहे. जे हलतं ते पुसलं जातं, जे स्थिर राहतं ते उमटतं. म्हणजे मी खोलीबाहेर होतो तेव्हा या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. आणि अजिबात हललं नव्हतं.

कात्रीला फोटो पाठवला. तिला वाटलं, दोन फोटो एकावर एक चढवलेत. म्हणाली, पहिल्यांदाच काहीतरी धड जमलंय. मी खरं सांगितलं नाही. तिने केलेलं कौतुक हातचं कोण जाऊ देईल?

१६ नोव्हेंबर

काकांना दाखवला. त्यांनी हातातला रुमाल तोंडाला लावला. मग म्हणाले, वहिनी.

या खोलीत त्यांचा थोरला भाऊ फोटो काढायचा. हात सोन्याचा, डोकं निखाऱ्याचं. तुझंच माप, असंही म्हणाले. एका दुपारी त्याने बायकोला या खुर्चीत बसवलं. शटर उघडलं, आणि तेवढ्यात पुढे दुकानात कुणीतरी येऊन त्याला शिव्या घालायला लागलं. भाऊ तापला. वहिनीला म्हणाला, हलू नकोस, मी आलोच. उजेड बिघडू नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं. त्या माणसाच्या मागे भांडत रस्त्यावर गेला तो गेलाच. का, कुठे, आजतागायत कळलं नाही.

वहिनी बसून राहिली. काका तेव्हा कोवळे होते. वहिनी, ऊठ, म्हणाले. ती ओठ न हलवता म्हणाली, त्यांनी झालं म्हटलं नाही अजून. रात्र झाली. दुसरा दिवस गेला. काकांनी स्वतः झालं म्हणून पाहिलं, रडून पाहिलं, पण ज्याने बसवलं तो ते नव्हते. शेवटी श्वास थांबल्यावर तिला उचलावं लागलं. उठली नाही रे ती, असं दोनदा म्हणाले. उचलली.

मला म्हणाले, खोली सोड, वर माझ्याकडे राहा. माझी फिल्म नुकती आकाराला येत होती, माझं डोकं फिरलं. काका, तुम्ही म्हातारे झालात, भुताखेतांच्या नावाखाली मला हाकलताय, असं नको ते बोललो. ते खाली मान घालून गेले. खुर्चीत कुणाला बसवू नकोस, एवढं दारातून म्हणाले.

१९ नोव्हेंबर

आज माझ्याकडून एक चूक झाली.

सकाळभर दुकानात गिऱ्हाइकं केली. हलू नका, झालं, हलू नका, झालं. मग तसाच मागे आलो, कॅमेरा लावला, खुर्चीकडे पाहिलं, आणि शटर उघडताना तोंडातून गेलं —

हलू नका.

रिकाम्या खुर्चीला. स्वतःच हसलो. फोटो निघाल्यावर हसू थांबलं.

आजवर ती दाराकडे बघायची. आजच्या फोटोत सरळ लेन्सकडे बघतेय. चेहरा स्वच्छ उमटलाय. रागावलेला नाही. आपला माणूस आला की असतो, तसा.

ज्याने बसवलं, त्यानेच —

नाही. मी नाही म्हणणार ते. म्हटलं तर ती उठेल.

२१ नोव्हेंबर

कॅमेरा पेटीत ठेवलाय. उपयोग नाही.

पापणी न लववता खुर्चीकडे पाहत राहिलं, की डोळ्यातही उमटते. आधी हात. मग गुडघे. डोळे झोंबले, मिटले, की पुसली जाते. मग पुन्हा पहिल्यापासून.

नाही बघायचं ठरवतो. तरी बघतो. वाट बघणाऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही, हे मला पायरीवरच्या त्या फोटोपासून ठाऊक आहे.

काकांची माफी मागायला गेलो. त्यांनी जेवायला वाढलं. माफी मागायला जीभ उचलली नाही, परवाच्या चुकीबद्दल सांगायलाही नाही. उद्या सांगतो. उद्याच वर राहायला जातो.

२२ नोव्हेंबर

सामान बांधलं. काका सकाळीच एका शाळेत गेलेत, वर्गावर्गाचे फोटो काढायला.

कात्री आली! न कळवता. आत्ता पुढे दुकानात

त्याच दिवशी

लिहितोय म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

कात्री मला न्यायला आली होती. सरांशी बोलली होती. माफी माग, परत घेतील, म्हणाली. दुकानात बोलू म्हटलं, तर ती कसली ऐकतेय. बघू तरी तुझा राजवाडा, म्हणत थेट मागे. मी मागोमाग धावलो. तोवर ती खुर्चीत बसलीसुद्धा. पाय हलवत, हसत.

आणि मग तिने सांगितलं. पायरीवर ती कुणाचीही वाट बघत नव्हती. समोर तिपाई दिसली. वाटलं, हा आपलाच फोटो काढतोय, हललो तर बिघडेल. म्हणून बसून राहिली. येड्या, म्हणाली, मी तू झालं म्हणशील म्हणून बसले होते, आणि तू कॅमेरा गुंडाळून निघून गेलास. आजपर्यंत म्हटलं नाहीस.

माझी वाट. माझी.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पापणी लववली नाही. ती चूक.

खुर्चीच्या हातांवर चार पंजे होते.

विंचू अंगावर चढलेला दिसला की माणूस ओरडतो ना, तसा मी ओरडलो. सावध करायला. फक्त सावध करायला —

हलू नकोस!

ती हलली नाही.

हसता हसता थांबली आहे. दात दिसतायत. एक पाय जमिनीपासून वर, तसाच. श्वास आहे, आरसा धरून पाहिला. हाक मारली. खांदे धरले. जमिनीत रोवल्यासारखी. डोळे उघडे, पापणी पडत नाही, एका डोळ्यातून पाणी वाहतंय.

मी बसवलं. मीच उठवायचं. सोपं आहे. एक शब्द.

समोर उभा राहिलो. म्हणायला लागलो, झा —

पंजे उचलले गेले. खुर्चीच्या हातांवरून वर.

कात्रीचे नाहीत. दुसरे.

थांबलो. ते तसेच हवेत थांबलेत. अर्ध्यावर.

दोघींना मीच बसवलंय. खुर्ची एक. शब्द एक. पुरा म्हटला तर कोण उठेल? कात्रीच्या अंगाने कोण उठेल?

कात्रीचं हसू हळूहळू मिटतंय. ती स्वतः मिटवत नाहीये.

काकांचा फोन बंद. शाळेत मुलांचे फोटो काढताना ते बंदच ठेवतात. शाळा लांब नाही. पळत गेलो तर — त्यांना घेऊन येतो. त्यांना ठाऊक असेल. ते उभे राहतील, मी म्हणेन, काय ते होईल.

घाबरून पळत नाहीये. काकांना आणायला जातोय. परत यायचंच आहे. ही वही इथेच ठेवतो, तिच्या समोर, म्हणजे तिला कळेल की —

मान माझ्याबरोबर वळतेय. दाराकडे.

कात्री, ऐकतेस ना? हलू नकोस. मी आलोच. दार ओढून घेतो, नाहीतर दुकानातला उजेड